‘एकटा इसम’ या नोंदीबाबत

प्रति,
मा. अभिरक्षक,
प्राणिसृष्टी संग्रहालय,
घाटकोपर, मुंबई

विषय : पहारेकऱ्यांच्या नोंदवहीत दुरुस्ती होण्याबाबत
संदर्भ : दि. ३० सप्टेंबर १९५६ ची नोंद

महोदय,

वरील दिवशी ‘मानवाची उत्क्रांती’ या दालनात दोरी ओलांडून आदिमानवाच्या पुतळ्यापुढे खाद्यपदार्थ ठेवल्याबद्दल एका वृद्धास हटकण्यात आले. नोंदीत ‘एकटा इसम, अडाणी, सोबत कोणी नाही’ असे आहे. ते माझे वडील, लवू धोंडू परब, गिरणीतील निवृत्त कामगार.

१. ते एकटे नव्हते. मी दहा पावलांवर होते.

२. त्यांना वाचता येत नसे, म्हणून पाटी मी वाचून दाखवली. लाखो वर्षांपूर्वीचे हे आपले पूर्वज, असे मीच समजावले. त्यांनी ते माझ्यापेक्षा अधिक मनावर घेतले. पितृपक्ष चालू होता. “मगे ह्येंका पान कोण वाढता गो?” असे त्यांनी विचारले. मी हसले आणि पुढच्या कपाटाकडे गेले. वळून पाहिले तेव्हा चपला काढून ते पुतळ्यापुढे हात जोडून उभे होते. आमच्या डब्यातले वडे त्यांनी केळीच्या पानावर मांडले होते.

३. लोक हसू लागले. “हा म्हातारा कोणाचा?” असे पहारेकऱ्याने मोठ्याने विचारले. मी मुलुंडला शिक्षिका आहे. हसणाऱ्यांत माझ्या वर्गातल्या दोन मुली होत्या. मी माशांच्या सांगाड्यांकडे पाहत राहिले. वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “कोणाचो नाय. एकटोच इलंय.”

पहारेकऱ्याने आपले काम केले. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

४. फाटकाबाहेर ते माझी वाट पाहत उभे होते. डबा माझ्या हातात देऊन चालू लागले. या प्रसंगाविषयी ते पुढे कधी बोलले नाहीत. आज बोलू, असे मी रोज ठरवत असे. दि. ११ जानेवारी रोजी ते वारले.

सबब विनंती की, ‘अडाणी’ हा शब्द काढावा आणि ‘सोबत मुलगी होती, विचारणा होऊनही पुढे आली नाही’ असे माझ्या नावानिशी लिहावे. नियमभंगाची ताकीदही माझ्याच नावे काढावी. मृत माणसाच्या नोंदीत फेरफार करण्याचा नियम नसल्यास तसे कळवावे. मी पुन्हा अर्ज करीन.

वडील खोटे बोलत नसत. माझ्यासाठी बोललेले हे एक खोटे तरी त्यांच्या नावावर राहू नये.

आपली नम्र व दोषी,
सुगंधा लवू परब
मुलुंड, दि. १८ फेब्रुवारी १९५७

सोबत : मृत्यूच्या दाखल्याची नक्कल