कासवाला दोन माणसे लागतात

स्नेही खर्जसाहेब यांस सप्रेम नमस्कार.

तुमचा मोतीबिंदू काढलेला डोळा, न काढलेला डोळा, तुमची कन्या, जावई आणि नात ही सर्व मंडळी सुखरूप असतील अशी आशा करतो. माझे म्हणाल, तर डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना भांडतो. बाकी तक्रार नाही. तुमच्या पत्रास उत्तर द्यावयास मला सात महिने लागले. त्याबद्दल क्षमा मागण्यापूर्वी कारण सांगतो, आणि ते कारण एक कासव आहे. (सात महिन्यांपैकी कासवाच्या वाट्यास शेवटचे तीन आठवडेच येतात, हे तुम्ही ताबडतोब हेराल. उरलेल्या काळाचा खुलासा ओघात होईल. आधीच बोट ठेवू नये.)

आमच्या रस्त्यावर सध्या गटाराचे खोदकाम चालू आहे. वाचनालयाचे पुस्तक परत करावयास मी निघालो असता मातीच्या ढिगाऱ्यावर दोन कावळे औषधाच्या बाटलीचे झाकण एकमेकांकडे टाकताना दिसले. झाकणास चार पाय आहेत हे लक्षात आल्यावर मी छत्री उगारली. एक कावळा उडाला. दुसरा मात्र आपल्या छापखान्याच्या जुन्या व्यवस्थापकांप्रमाणे मान वाकडी करून, मी हे कोणाच्या परवानगीने करतो आहे अशा मुद्रेने पाहत राहिला. माझ्या घराच्या खालच्या गाळ्यात शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांनी यंत्र थांबवून विचारले, "आजोबा, भर रस्त्यात कुणाशी भांडण काढलंत?" मी मूठ उघडून दाखविली. मुठीत कासवाचे पिल्लू होते. पाठ चहाच्या बशीच्या खळग्यात मावेल एवढी, उजव्या कडेला चोचीची खूण, आणि चेहरा असा, की जन्माला येऊन आठवडाही झाला नसेल, पण झाला तेवढा पुरे झाला. बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखंच दिसतंय." मी ते मनावर घेतले नाही.

जनावरांच्या डॉक्टरबाई वयाने माझ्या नातीएवढ्या असाव्यात. त्यांनी जखम धुतली, वजन केले (एकतीस ग्रॅम, आपल्या शिशाच्या टाइपाच्या दहा-बारा खिळ्यांएवढे) आणि सांगितले, की त्यांच्याकडची सर्व खोकी भरलेली आहेत, तेव्हा सत्तर ग्रॅम भरेपर्यंत कोणी घरी सांभाळल्यास बरे, पुढे ते टेकडीपलीकडच्या रानात सोडता येईल. मात्र एकट्या माणसाकडे त्या पिल्लू देत नाहीत. त्यासाठी एक छापील अर्ज होता. पहिल्या ओळीवर मी माझे नाव लिहिले. दुसऱ्या ओळीवर ‘घरातील दुसरी व्यक्ती’ असे छापलेले होते, आणि खर्जसाहेब, खोटे सांगण्याचा विचार मनात येण्याच्या आधीच माझ्या हाताने तेथे तुमचे नाव लिहिले. पुढे कंसात ‘वाचक’ हा हुद्दाही लिहिला.

हा अपराध इतर कोणाला समजावून सांगता येणार नाही, तुम्हाला सांगावा लागणार नाही. एकतीस वर्षे छापखान्याच्या ज्या मुद्रिततपासणी विभागातून दोन सह्यांवाचून एक चिठोरेही खाली यंत्रावर गेले नाही, तेथील माणसाच्या हाताला दुसरी ओळ रिकामी ठेवताच येत नाही. ते मेज मला अजून दिसते. पलीकडे तुम्ही मूळ हस्तलिखित घेऊन, अलीकडे मी ओले मुद्रित घेऊन, मध्ये शाईचा वास. तुम्ही मोठ्याने वाचावयाचे, स्वल्पविराम आणि पूर्णविरामही उच्चारून, आणि मी कागदावर अक्षरे जुळतात की नाही एवढेच पाहावयाचे. तुमचा आवाज खाली खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्यांपर्यंत जाई. ‘खर्ज’ हे नाव त्यांनीच दिले. (मला ते ‘टाचणी’ म्हणत, हे मला माहीत नाही असा तुमचा समज होता. माहीत होते.) गाड्यांचे वेळापत्रक वाचताना तुम्ही दर स्टेशनानंतर क्षणभर थांबत असा. मुख्य तपासनिसांनी कारण विचारले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "साहेब, उतरणाऱ्यांना वेळ नको का?" त्या दिवशी सगळा विभाग हसला. मी हसलो नाही, कारण मी त्या वेळी एका तुटलेल्या वेलांटीवर होतो. ती गोष्ट विनोदी होती हे मला घरी गेल्यावर, जेवताना समजले, आणि माझ्या सौभाग्यवतीला मी एकटाच का हसतो आहे हे समजेना.

असो. कासवाच्या बिऱ्हाडासाठी मी आपल्या छापखान्याच्या लिलावात घेतलेली खिळ्यांची लाकडी पेटी काढली. मधल्या पट्ट्या उपटून तिच्यात माती पसरली, वर ऊब देणारा दिवा टांगला, आणि एका कोपऱ्यातील घरे तशीच ठेवली. पेटीत सर्वांत मोठे घर काना ठेवण्याचे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कासव पहिल्याच दिवशी तेथे गेले आणि झोपले. जेवणाचा प्रश्न अवघड होता. तुम्हाला आठवते का, आपण मुलांसाठी प्राण्यांचे एक पुस्तक तपासले होते. त्यात कासवावर पाऊण पान होते आणि ते आपण तीन वेळा वाचले. तिसऱ्या ओळीतील एक अनुस्वार पुसट उठला होता आणि चित्र उलटे लागले होते, एवढे मला स्पष्ट आठवते. कासव काय खाते, ते मात्र आठवत नाही. तुम्हाला आठवत असणार. तुम्ही ते पान वाचताना मध्येच म्हणाला होता, "या बिचाऱ्याला घर बदलायची सोयच नाही हो." मी त्यावर ‘पुढे’ असे म्हटले होते.

शेवटी शिवणकामवाल्या बाईंनी अंगणातली जास्वंदीची पाने आणून दिली आणि प्रश्न मिटला. रोज सकाळी मी त्याचे वजन करू लागलो. एकतीस, एकतीस, बत्तीस. बत्तीस झाले त्या दिवशी कोणाला तरी सांगावे असे फार वाटले, म्हणून मी खाली जाऊन बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "एक ग्रॅम म्हणजे माझ्या दोऱ्याचा तुकडा आजोबा. पेढे काय वाटायचे का?" मी वर आलो. तुम्ही असता तर आकडा खर्जात वाचून दाखविला असता, आणि तो बत्तीस न वाटता तीनशे वीस वाटला असता.

आता जे लिहावयाचे आहे ते गाळून पत्र पुरे होते का, हे मी दोनदा पाहिले. डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशी एक सूचनापत्रक दिले होते. छपाई गचाळ, समास अरुंद, आणि अशुद्धे इतकी, की पाहून अंगावर काटा यावा. मी ते घरी आणून लाल शाईने तपासले. एका पानात अकरा चुका निघाल्या. दुसऱ्या दिवशी मी ते दुरुस्त पत्रक त्यांच्या दवाखान्यात सन्मानपूर्वक पोहोचते केले आणि फार दिवसांनी काहीतरी उपयोगी केल्याच्या समाधानात परतलो. त्यानंतरच्या बुधवारी कासवाला स्नान घालावे असे मनात आले. (स्नानाचा उल्लेख पत्रकात कोठेतरी होता, एवढे लक्षात होते.) कासव म्हणजे पाण्याचा जीव, या समजुतीने मी बादली काठोकाठ भरली आणि त्यास अलगद आत सोडले. ते पाय मारू लागले. मला वाटले, आनंदले. मी खुर्ची ओढून कौतुकाने पाहत बसलो. इतक्यात बाई माझा शिवलेला सदरा घेऊन वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "आजोबा, ते बुडतंय." मी म्हणालो, "पोहते आहे." त्यांनी कोपरापर्यंत हात घालून त्याला बाहेर काढले. मान लोंबत होती.

खर्जसाहेब, सौभाग्यवती गेल्या त्या दिवशी उभा होतो तसाच मी बाजूस उभा राहिलो. बाईंनी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि त्या सांगतील तसे पिल्लू डोके खाली करून धरले. नाकातून पाण्याचा थेंब आला, मग आणखी एक. बऱ्याच वेळाने मागचा एक पाय हलला. बाई सदरा तेथेच टाकून भिंतीला टेकून बसल्या. मी फोन कानाला लावला, तर डॉक्टरबाई विचारत होत्या, "हे रानातलं कासव आहे, याला पोहता येत नाही. कोमट पाणी, फक्त हनुवटीपर्यंत, दहा मिनिटं. पत्रकात जाड अक्षरांत लिहिलंय, पाहिलं नाहीत?" मी म्हणालो, पाहिले, त्याच ओळीत दोन चुका होत्या. मग त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही सगळं तपासलंत. वाचलं मात्र नाहीत." आणि पुढे विचारले, की तुमचे ते दुसरे त्या वेळी कोठे होते.

मी सांगितले, बाहेरगावी.

त्या दिवशी दुपारी, कासव काना ठेवण्याच्या घरात झोपले असताना, मी तुमचे सात महिन्यांपूर्वीचे पत्र काढले. कबूल करतो, ते आले तेव्हाही मी लाल शाई घेऊनच बसलो होतो. त्यात ‘येथे सर्व ठीक’ हे शब्द तीनदा आले आहेत. मी नंतरच्या दोहोंखाली रेघ ओढून समासात ‘पुनरुक्ती’ असे लिहिले होते आणि पत्र फाइलीस लावले होते. या खेपेस मी ते मोठ्याने वाचले, तुमच्या पद्धतीने, विरामचिन्हांसह. तुमच्यासारखा आवाज नाही, पण घर रिकामे असल्याने निभावले. नातीची परीक्षा असल्याने तुम्ही दिवसभर दार लावून बसता, येथे सर्व ठीक. जावयांना घरात मोठा आवाज चालत नाही म्हणून वर्तमानपत्र मनातल्या मनात वाचता, येथे सर्व ठीक. परवा फिरायला गेलात आणि बसस्टॉपवरील पाटी कोणी ऐकत नसताना मोठ्याने वाचून काढलीत, येथे सर्व ठीक. खर्जसाहेब, ही पुनरुक्ती नव्हती. सात महिने हे पत्र माझ्या फाइलीत दुरुस्त होऊन पडले होते.

मेजाच्या तुमच्या बाजूस बसण्याची माझी योग्यता नाही, हे मला उशिरा कळले. विभागात मुख्य सही माझी आणि साहाय्यक सही तुमची असे. ती व्यवस्था चुकीची होती. हे तेव्हा सांगता आले असते, पण तेव्हा तुम्ही वाचत होता आणि मी अक्षरे पाहत होतो.

कासव बरे आहे. वजन चौतीस. तुमच्या कन्येस आशीर्वाद, जावयांस नमस्कार. नातीस परीक्षेत यश मिळाले असेलच.

तुमचा
टाचणी

ता. क. १ : डॉक्टरबाई पुढील रविवारी (येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या) पाहणीस येणार आहेत आणि अर्जावरील दोन्ही व्यक्ती हजर पाहिजेत असे त्यांनी बजावले आहे. दुसरी व्यक्ती नसल्यास कासव त्या परत नेतील. अर्जावर तुमचे नाव न विचारता लिहिले, ही चूक माझी; पण आता ते लिहिलेले आहे, तेव्हा शनिवारपर्यंत पोहोचावे. सकाळची गाडी घ्यावी, दुपारची नेहमी रखडते.

ता. क. २ : मुक्कामास मुदत नाही. आतली खोली रिकामी करून घेतली आहे. येथे आवाजाची अडचण नाही. मला डाव्या कानाने कमी ऐकू येऊ लागले आहे आणि खालच्या बाईंचे यंत्र दिवसभर चालतेच. त्यांना तुमच्याविषयी सांगितले, तर म्हणाल्या, "येऊ द्या, निदान एकाला तरी वाचता येईल."

ता. क. ३ : पाकीट चिकटविण्यापूर्वी आज डॉक्टरबाई अचानक येऊन गेल्या. त्यांच्याकडचे एक खोके रिकामे झाले होते. त्यांनी विचारण्याच्या आत मीच खरे सांगून टाकले. त्या रागावल्या नाहीत; म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी कळलं होतं हो. घरातल्या माणसाचा हुद्दा कुणी लिहितं का?" पिल्लाची प्रकृती चांगली असल्याचे त्यांनी सांगितले आणि त्यास घेऊन गेल्या. जाताना ते झोपलेले होते. त्यामुळे वरील विनंतीस आता कोणतेही कारण उरलेले नाही. ती मी खोडलेली मात्र नाही.