रूथची केळ

२ जाने.
रूथला दौंडच्या गाडीत बसवून आलो. लेकीचं बाळंतपण, तीन आठवडे तरी. गाडी हलली तरी खिडकीतून केळीचंच चालू. "अहो, दिवस मावळायच्या आत पोती गुंडाळायची. इसरायचं न्हाई." नातवंड राहिलं बाजूला! आधीच्या दोन केळी थंडीनं मेल्या, ही तिसरी. नर्सरीवाला म्हणाला, थंडी सोसणारी जात हाय. पण आमचं घर घोडनदीच्या काठाला, गारठा इथं मुक्कामालाच. बाईला पहिला घड चर्चला द्यायचाय, पुढल्या सालच्या हंगामाच्या सणाला. सगळे घरी पिकलेलं आणतात, आम्ही बाजारातलं. दरवर्षी तिला ते लागतं.

८ जाने.
रांजणगावच्या कंपनीतून ओव्हरटाइम करून आलो. जरा पडतो म्हटलं, ते एकदम सकाळीच जाग. पोती ओट्यावर तशीच. एका रात्रीनं काय होतंय.

९ जाने.
झालं! पानं काळी. शिजलेल्या भाजीगत लोंबतायत. तेवढ्यात फोन. "झाकली का?"
"व्हय." निघूनच गेलं तोंडातून.

१३ जाने.
चर्चचे यशवंतमामा आले. रविवारी हंगामाचा सण, गेटला बांधायला केळीचा खुंट पायजे. "तुमची तर मेलीय की. पाला दुसरा लावू." खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. रूथ यायच्या आत ती काळी पानं तरी जातील. कोयता मीच घेतला. कमरेइतक्या उंचीवर घाव घातला.

अरे देवा. आत घड. खुंटाच्या पोटात, पांढराफेक, तांदळाच्या दाण्याएवढी केळी, फण्यांवर फण्या. बरोबर मधोमध कापलेला.

मामांनी वाकून बघितलं. मग म्हणाले, "महिनाभरात बाहेर पडला असता हो." म्हंजी पानंच गेली व्हती. केळ जिवंत होती आन् मी...
खुंट मामा घेऊन गेले. नको कुठल्या तोंडानं म्हणू?

१८ जाने.
सण झाला. चर्चच्या गेटला रूथची केळ उभी. तिच्या शेजारनं आत गेलो. 
संध्याकाळी फोन. "झाकली का?" "व्हय." गाढवा, आता काय झाकतोस? तरी म्हणालो. रोज म्हणतोय.

२४ जाने.
आली. हातातली पिशवीसुद्धा न ठेवता मागं गेली. मी सगळं सांगितलं. पोती, कोयता, घड, गेट. वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. बसली नुसती, बुडख्यावर हात ठेवून.
"कवा कापली?"
"तेरा तारखेला."
मग म्हणाली, "केळीचं जाऊ द्या, बुडाला पिल्लं हायत, ती वाढतील. पण अकरा दिस तुम्ही मला रोज व्हय म्हणत व्हता?"
शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

२५ जाने.
सकाळी दोघं चर्चला निघालो. कुलूप लावताना तिनं विचारलं, "गॅस बंद केला का?" म्हटलं, व्हय. खरंच केला होता. एकतीस वर्षं विचारते, व्हय म्हटलं की चालू लागते.
आज कुलूप परत काढलं. चपला काढून आत गेली, बघून आली.
मी दारातच उभा.