लटकते जोर

५ डिसेंबर २०१५
नातवाने आज गोठ्याच्या तुळईला दोर बांधला. बैल विकल्यापासून गोठा रिकामा — तिथे दोराचे काय काम? विचारले तर म्हणतो, "व्यायामाचं हाय, आबा. हात पट्ट्यात घालायचे अन् लटकून जोर मारायचे."
विपुल अमरावतीला खेळाच्या कॉलेजात शिकतो. सुट्टी नसताना घरी आला आहे. का आला, कोणी सांगत नाही. आमच्या भागात हल्ली नको तिथे दोर दिसला की जीव उडतो.

६ डिसेंबर
कसरत झाली की दोर सोडतो आणि उशाखाली घालून झोपतो. दोर कोणी उशाखाली घेते का?

८ डिसेंबर
तो आंघोळीला गेला तेव्हा दोर कडब्याखाली लपवला. मायलेकांनी घर पालथे घातले. एवढ्याशा दोरासाठी दोघांची तोंडे पांढरी! शेवटी मीच काढून दिला. विपुल रागावला नाही. रागावला असता तर बरे वाटले असते.

९ डिसेंबर
आज समोर बसून पाहिले. जमिनीवरचे जोर मला कळतात, तालमीत मीही मारलेत. हे वेगळे. पट्टे थरथरतात, हात बाजूला पळू पाहतात, पोरगा अंग लाकडासारखे ताठ धरतो. सांगत होता — कॉलेजात छातीला, दंडाला, पोटाला चिकटपट्ट्या लावतात, मग यंत्र दाखवते कोणता स्नायू किती राबला.
"जमिनीवर छाती अन् दंड राबते, आबा. दोरावर पोटबी लय राबते. काहून का दोर जाग्यावर रायत नाही, तोल आपल्यालेच धरा लागते."
"मंग जमिनीनं काय घोडं मारलं तुयं?"
हसला. "तुमी भिंतीले हात टेकून उभ्यानं मारा. त्यात भार कमी." माझे आता काय राहिले आहे.

१२ डिसेंबर
शेजारच्या मैनाबाईने कुंपणावरून सुनेला विचारले, विपुल कुठे? आशा भांडी घासत बोलून गेली, "गोठ्यात लटकून राहिला."
मैनाबाईने जी बोंब ठोकली! तिचा नवरा नत्थुजी विळा घेऊन धावला, दोर कापायला. मी ओट्यावरून अनवाणी. आत पोरगा घामाने निथळत जोर मारतो आहे.
"अबे, जित्या माणसानं असं लटकावं काय?" नत्थुजी म्हणाला. सगळे हसले. मी तिथेच खाली बसलो. विपुलने उचलून घरात आणले.

१३ डिसेंबर
आज विचारलेच. "तुले काय दुःख हाय बाप्पा, सांग. तुया पाया पडतो, पण तो दोर सोड."
तो आईकडे पाहू लागला. ती उठून आत गेली.

१४ डिसेंबर
आशा चहा घेऊन आली आणि उभीच राहिली.
"मामाजी, विपुलले म्याच बोलावलं. सासूबाई गेल्या तवापासून तुमी दिवसभर गोठ्यात एकटे बसता, तुळईकडे पायत. तो म्हणे, मी तिथंच कसरत करतो, आबाले एकटं सोडत नाही."
तुळईकडे पाहून मनात काय येई, त्याचा मी कोणापाशी एक शब्द काढला नव्हता. इथेसुद्धा लिहिले नव्हते.