राजाबरोबर धाडलेला निरोप

ब्रेझोवो,
२४ नोव्हेंबर १९३४

प्रिय क्रस्टिन्याताई,

इकडे सगळं ठीक. तिकडे अर्जेंटिनात तू आणि भावोजी सुखरूप असाल. यंदा आलुबुखार भरपूर आले, दारू गाळून झाली. गाय गाभण आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण तोंड ठणठणीत आहे. ते तुला पुढे कळेलच.

हे पत्र टपालाने नाही, शेजारच्या मिल्काच्या दिराच्या हाती देते आहे. तो जहाजाने तिकडेच निघालाय. टपालातली पत्रं फोडतात, म्हणून तू दर वेळी जे विचारतेस त्याला मी गायीगुरांची उत्तरं देत आले.

गेल्या महिन्यात परमुलखात, मार्सेयच्या रस्त्यावर आपल्या राजाला मोटारीत गोळ्या घातल्या, हे तुम्हाला कळलंच असेल. त्याची फिल्म निघाली आहे. राजाला जाऊन चाळीस दिवस झाले, त्या दिवशी ती आमच्या शाळेत दाखवायची ठरली. फिल्म मुकी, म्हणून ठाणेदार माझ्या दारात.

"जगलिकाबाई, तुमच्यासारखा विलाप पंचक्रोशीत कुणाला येत नाही. पडद्यावर राजा दिसला की सुरू करा. लोक रडले पाहिजेत."

"मे महिन्यात मला गप्प बसवायला तुम्हीच आला होतात ना?"

"ते वेगळं होतं."

ताई, आता लिहितेच. तुझ्या रादोसावचं मढं तुरुंगातून त्यांनी दिलं नाही. विलापाला बायका जमल्या, तर त्यांना बंदुकीच्या दस्त्याने घरी पिटाळलं. तुझा लेक विलापावाचून गेला. हे तुला कोणत्या तोंडाने कळवायचं होतं?

मी ठाणेदाराला म्हटलं, "येते. पण विलाप आपल्या रीतीने होईल."

"रीत ती रीत," तो म्हणाला. तोही आपल्याच डोंगरातला.

शाळा खच्चून भरली होती. पडद्यावर बोट आली, मोटार आली, घोडे आले. मग गर्दीतून एक माणूस धावत मोटारीवर चढला आणि एकच झुंबड उडाली. नंतर राजा दिसला, मागे रेललेला, डोळे उघडेच. खोटं कशाला सांगू, दया आली. मेलेला माणूस कुणाचा का असेना.

मी डोक्यावरचा रुमाल सोडला आणि उभी राहिले. त्याच्या बापाचं, आज्याचं नाव घेतलं. ठाणेदाराने हातरुमाल काढला. नव्या मेलेल्याबरोबर आधीच्यांना निरोप धाडायचा, ही आपली रीत. मी धाडला.

"राजा, जातोस तिथे आमचा रादोसाव भेटेल,
तुझ्याच तुरुंगातून तुझ्या आधी गेलाय.
उंच आहे, डाव्या भुवईवर वण आहे.
सांग त्याला, आई येणार होती, समुद्र आडवा आला.
सांग, मावशीला रडू दिलं नाही.
तो विचारेल, मला का मारलं?
त्याचं उत्तर, राजा, तूच दे."

"बस्स करा," ठाणेदार उठला.

मागून म्हातारी इकोनिया म्हणाली, "खाली बस रे. विलापात तोंड घालतात का? आईने हेच शिकवलं?"

तो बसला. मग इकोनिया उठली, तिने आपल्या दोन्ही गेलेल्या मुलांना निरोप धाडले. मग मिल्का. मग ज्यांनी कधी तोंड उघडलं नाही त्याही. बिचाऱ्या राजावर आम्ही ओझ्याच्या खेचरासारखं लादलं. फिल्म संपली, पडदा पांढरा झाला, तरी बायकांचं चालूच.

दुसऱ्या दिवशी ठाणेदार परत आला. "दुःखाने भान सुटलं होतं, एवढं म्हणा. मिटवून टाकतो." माणूस वाईट नाही, घाबरट आहे. सोमवारी ठाण्यात बोलावलंय. गाय मिल्काकडे बांधली आहे.

तू विचारतेस, रादोसावसाठी विलाप झाला का? झाला. भर गर्दीत, त्याचं नाव घेऊन, सरकारी फिल्मच्या उजेडात. आता तूही मोठ्याने रड. आणि मला काही झालंच, तर लोकांना सांग की म्हातारी वेडी नव्हती.

पुरती भानावर असलेली
तुझी धाकटी,
जगलिका