बाबांचा तळवा

दि. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी ‘बरं आहे’ म्हणून सुटतो, तेव्हा सविस्तर लिही, असा तुझा हुकूम. तर ऐक. मलाही मधुमेह निघाला. बाबांचं दुकान आलं, शिलाई मशीन आलं, आता हेही आलं. वारसा पुरा झाला म्हणायचा.

रक्त काढताना नर्सबाई म्हणाल्या, जरा टोचेल. शिंप्याला टोचण्याची भीती घालतात म्हणून मला हसूच आलं. मग डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले. तळव्यांना बारीकशी तार लावतो, लागली की सांगा म्हणाले. मी आपला वाट बघत बसलो. त्यांचं केव्हाच उरकलं होतं. तेव्हा मात्र हसू पळालं.

बिनसाखरेचा चहा, वेळेवर गोळ्या, जेवल्यावर फेरफटका, सगळं करीन. पण अनवाणी पाऊल टाकायचं नाही, दुकानातसुद्धा नाही, हे कसं जमायचं? पायडलवर पाय उघडाच हवा, चपलेला कापड कळत नाही, असं बाबांनीच शिकवलंय ना आपल्याला?

आणखी एक, हसू नकोस. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दुपारी दुकानात कुणी नसलं की ते येऊन बसतात. कापड बेतायच्या टेबलाजवळचं ते स्टूल आहे ना, त्यावर. कुबडी भिंतीला टेकवलेली. बोलत नाहीत, नुसते माझ्या पायांकडे बघतात. भीती वाटते ग, पण उठून जावंसंही वाटत नाही.

हिला यातलं काही बोललो नाही. दाजींना नमस्कार. रागाव हवं तर, पण माया आटवू नकोस.

तुझा,
रिळ्या


दि. १४ जानेवारी

चि. रिळ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझे दाजी म्हणाले, साखर बंद झाल्यावर तरी मेव्हण्याच्या जिभेला गोडवा येईल. त्यांना विनोद सुचतात, मी मात्र पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

नीट ऐक. गिऱ्हाइकांसाठी दुकानात जो मोठा आरसा आहे, त्यात रोज सकाळी तळवे बघायचे. चीर, फोड, लाली, काहीही दिसलं तर डॉक्टर गाठायचा. तुझे पाय हुबेहूब बाबांचे आहेत, तेच रुंद चवडे, अंगठ्याखाली तोच घट्टा. लहानपणी कौतुक वाटायचं, आता वाटत नाही. बूट घालूनच शीव. शिवण वाकडी गेली तर उसवता येते.

बाबांचं वाचून मी हसले नाही. ते काही बोलले तर मला लगेच कळव.

अंगाला जप, आणि ताईला पत्रातून तरी फसवू नकोस.

तुझी,
ताई


दि. २५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बूट घालून बसलो आणि शाळेच्या बाईंच्या कोटाची बाही सुरवंटासारखी गोळा झाली. बाई सोसून घेणाऱ्या, पण त्यांची नाराजी लपेना. बूट काढून ठेवले.

घाबरू नकोस. मी एक नामी युक्ती काढली आहे. दुकान उघडण्याआधी टाचणी घेऊन तळवा ठिकठिकाणी टोचून बघतो. टोचलेलं कळलं, म्हणजे पाय शाबूत. कळतंय तोवर बूट कशाला? फक्त उजव्या टाचेला एक जागा मुकी आहे. तिथे थोडी जोरात लावावी लागते.

आणि हो, बाबा बोलले. काल त्यांनी टाचण्यांची उशी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, कळतंय का. एवढंच. आवाज अगदी त्यांचाच. दिवसभर कापडाला कात्री लावली नाही.

आहे हे असं आहे. तू तिकडे आहेस, एवढाच आधार.

तुझा,
रिळ्या


दि. ३० जानेवारी

चि. रिळ्या,

मायना, आशीर्वाद, सगळं नंतर. ती टाचणी आधी खाली ठेव.

बाबांच्या पायात खाली पडलेली टाचणी गेली, असं तुला सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. तू लहान होतास, आणि आईने मला गप्प राहायला बजावलं होतं. बाबा त्याच स्टुलावर बसून रोज सकाळी टाचेला टाचणी टोचायचे. मी केर काढत असायचे. ते आपल्या पायालाच विचारायचे, कळतंय का. कळेनासं झालं तशी टाचणी आणखी खोल जायला लागली. मग ती जागा चिघळली. त्यांनी पायमोजा चढवला आणि आईलासुद्धा पायाला हात लावू दिला नाही. वास यायला लागला तेव्हा दवाखान्यात नेलं. पुढचं तुला माहीत आहे, आधी पाय गेला, मग बाबा.

‘कळतंय का’ हे शब्द मी तुझ्यापुढे कधी उच्चारले नाहीत. आई तर गेलीच. मग रिळ्या, ते तू ऐकलेस कुणाकडून?

आजच्या आज डॉक्टरांकडे जा. बायकोला सगळं सांग, बाबांसकट. बाबा गेले ते मी सोसलं. तुझा पाय गेलेला मला सोसायचा नाही.

ताई


दि. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा टाच लाल झाली होती आणि मला पत्ता नव्हता. आत पू धरला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. पाय वाचला, ताई. जखम भरेपर्यंत मशीन बंद होतं.

हिला सगळं सांगितलं. ती दिवसभर माझ्यावर धुसफुसत होती. मग दुकानातला आरसा उतरवून घरी आणला आणि माझ्या खुर्चीसमोर टेकवून ठेवला. गिऱ्हाइकांनी आपापल्या घरी जाऊन बघावं म्हणे. चांभाराने मऊ, पातळ तळाचे बूट करून दिलेत. ते घालून चिंध्यांवर हात बसवतोय, म्हणजे पाय बसवतोय. शिवण अजून अडखळते, पण सुरवंट होत नाही.

बाबांनी येणं सोडलेलं नाही. आता घरी येतात, आरशाशेजारी बसतात. आज सकाळी आरशात तळवा बघितला आणि दचकलो. तू म्हणतेस तसाच, बाबांचाच तो. त्याच भेगा, तोच घट्टा. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी सांगितलं, नाही कळत बाबा, म्हणून तर बघतोय. मग मलम घेतलं आणि टाचेला हळूहळू चोळत बसलो. जिवंतपणी त्यांनी कुणाला त्या पायाला हात लावू दिला नाही. आज लावू दिला.

तुझा,
रिळ्या