हिच्या हातचे टिपके

पांढरकवडा, ६ फेब्रुवारी १९५९
अंगठ्याला नखुरडं. हातोडी धरवत नाही. धानीबाईच्या चांदीच्या कड्यावर टिपके अर्धेच मारून झालेत आणि उद्या बाजार, ती तांड्यावरून येणारच. ही म्हणाली, "टिपकेच ठोकाचे हायेत ना? द्या इकडं." बारा वर्षं भट्टी फुंकत शेजारी बसलेली बायको. म्हटलं, ठोक.

७ फेब्रु.
धानीबाईने कड्यावरून बोट फिरवलं. माझ्या अर्ध्यावरून सरळ गेलं, हिच्या अर्ध्यावर थांबलं. "सोनारभाऊ, हे इकडलं जवारीच्या कणसावानी भरलं." मी नुसतं हं म्हटलं. हिचं नाव घेतलं नाही.

११ फेब्रु.
अंगठा बरा. दुपारी दुकानाचं दार लावून घेतलं, तांब्याच्या तुकड्यावर हिच्यासारखे टिपके मारून पाहिले. मी रेघ आखून मारतो, बाबांनी तसंच शिकवलं. ही आखत नाही. न आखता मारले तर माझे गोवर उठल्यासारखे दिसतात. जळतो मी. सख्ख्या बायकोवर. बोलणार कोणाजवळ?

१९ फेब्रु.
धानीबाईच्या पोरीचं लग्न. दोन कडी, पूर्ण कणसाची. परवा चांदी घेऊन येणार आणि काम होईपर्यंत समोर बसणार. तांड्याच्या बायका बसतातच, चांदीवरची नजर हटवत नाहीत.
ती गेल्यावर ही म्हणाली, "मंग कसं कराचं?"
"मी करतो."
हसली नाही. हसली असती तर भांडता आलं असतं.

२० फेब्रु.
हिने टिपके मारायला वापरलेला ठसा कानशीने घासला. तोंड पार सपाट. हो, मीच. बाबांच्या पेटीतला होता.
संध्याकाळी हिने तो बोटावर फिरवून पाहिला, ठेवून दिला. चहा आणून दिला.

२१ फेब्रु.
धानीबाई सकाळीच हजर. चांदी वितळवली, पट्टी ठोकली, हलू नये म्हणून राळेवर बसवली. दुसरा ठसा घेऊन पहिली ओळ मारली. ती वाकून म्हणाली, "असं नाई भाऊ. कणसावानी पायजे."
तेवढ्यात ही बाहेर आली. हातात छत्रीची काडी, टोक घासून घासून नवा ठसा केलेला. कधी केला कोण जाणे. माझ्यासमोर उभी राहिली, काही मागितलं नाही. मीच बैठकीवरून उठलो.
पाणी पिऊन येतो म्हटलं आणि आत बसून हे लिहितो आहे. हातोडी एका लयीत चालली आहे. माझी अशी कधी...
धानीबाई विचारते आहे, "मंग वैनी, पयलं कडं बी तुमच्याच हातचं का?"
हातोडी थांबली.