बाराव्या गाण्याची दुरुस्ती

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठावन्न, धंद्याने वार्ताहर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय (पत्नी स्वयंपाकघरात आहे) हे मृत्युपत्र लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. पण मजकूर वेळेआधी दिलेला बरा.

१. राहतं घर पत्नीचं. इतकी वर्षं मी तिच्याच परवानगीने त्यात राहत होतो, ते आता कागदावर आणतो आहे इतकंच.

२. बँकेतली शिल्लक आणि संस्कृतचे कोश मुलीला. कोश नको असतील तर शाळेच्या ग्रंथालयाला द्यावेत. पानांच्या कडेचे माझे शेरे खोडू नयेत. त्यांतले निम्मे बरोबर आहेत.

३. टंकलेखन यंत्र आमच्या कचेरीतल्या मुद्रितशोधकाला. त्याने माझ्या चुका जन्मभर सुधारल्या आणि चारचौघांत कधी बोलून दाखवल्या नाहीत.

४. कपाटाच्या खालच्या खणातल्या, नक्कल केलेल्या गाण्यांच्या सगळ्या सीडी मोडून टाकाव्यात. कोणाला देऊ नयेत. कारण सांगतो.

माझा धाकटा भाऊ रॅपर. लहानपणी तो माझ्या शेजारी बसून कवितेची वृत्तं शिकला. मी टेबलावर बोटांनी ठेका धरायचो. एकोणीस वर्षांपूर्वी त्याचा पहिला अल्बम आला. घरचाच तर आहे, विकत कशाला घ्यायचा, म्हणून कचेरीत फिरणारी फुकटची नक्कल ऐकली आणि परीक्षण लिहिलं: ‘कवीला लय कळते, शेवट कळत नाही. अकराव्या गाण्यानंतर अल्बम उंबरठ्यात अडखळल्यासारखा थांबतो.’ वाक्य माझं मलाच फार आवडलं होतं.

धाकट्याचा फोन आला. “दादा, शेवटपर्यंत ऐकलंस?”

“अथपासून इतिपर्यंत,” मी म्हणालो.

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

यंदा त्याचा ‘दमानं’ आला. आता तोही पन्नाशीचा. पूर्वी एका श्वासात चार ओळी फेकायचा. आता दम संपतो तिथे थांबतो, आणि थांबणं लपवत नाही. ओळीतल्या अशा विरामाला यती म्हणतात, हे मी त्यालाच शिकवलं होतं. त्याचा उपयोग मला आत्ता कळला.

हा अल्बम मी फोनवरून विकत घेतला. “बाबा, दाबा ते बटण, चावत नाही,” मुलगी म्हणाली. त्याच भरात जुनाही घेतला. त्यात बारा गाणी आहेत. बारावं, टेबलावर बोटं वाजवणाऱ्या एका दादावर आहे.

ते गाणं नक्कल करणाऱ्याने गाळलं. पण परीक्षण त्याने लिहिलं नव्हतं. दुसऱ्यांच्या चुकांच्या दुरुस्त्या मी आयुष्यभर छापून आणल्या, ही एक राहिली. ती अशी: अल्बमला शेवट होता. परीक्षकाला कान नव्हते.

५. धाकट्याला काहीही ठेवलेलं नाही. “साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नका, पुढे वाद होतात,” असं वकीलबाई म्हणाल्या, आणि मला साक्षीला तोच हवा आहे. साक्षीदार सहसा मजकूर न वाचता सही करतात. याने वाचावा. माझ्यासमोर बसून, मी जिवंत असताना.

स्थळ: राहत्या घरातलं तेच टेबल
दिनांक: सात तारीख, रविवार, सकाळ
सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिले: शेजारचे दातांचे डॉक्टर. मजकूर न वाचता.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. अथपासून इतिपर्यंत वाचलं. बाराव्याचं परीक्षण अजून बाकी आहे, दादा. जेवायला थांबतोय.